‘शॅल’चं देणं

इंग्रजीतला एक लहानसा शब्द आज बोलायला घेतला आहे. तो म्हणजे ‘शॅल’. आपल्यापैकी अनेकांना तो रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकात भेटला असेल. नियम असा, की नुसता भविष्यकाळ सांगायचा असेल तर ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांना ‘शॅल’, बाकी सगळ्यांना ‘विल’. निश्चय, आज्ञा किंवा वचन असेल तर नेमकं उलट. जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १६५३ साली, तोही लॅटिनमधून लिहिलेल्या व्याकरणात, हा नियम मांडला आणि पुढच्या पिढ्यांनी तो घोकला. मास्तर लोक त्यावर एक गोष्ट सांगायचे. पाण्यात पडलेल्या एका परदेशी माणसानं घाबरून ‘शॅल’ आणि ‘विल’ यांची अदलाबदल केली. त्याच्या ओरडण्याचा अर्थ झाला, ‘मी बुडणारच, मला कोणीही वाचवता कामा नये!’ काठावरच्या सभ्य इंग्रजांनी त्याच्या इच्छेला मान दिला म्हणे.

गंमत बघा, लोकमान्य टिळकांची स्वराज्याची घोषणा इंग्रजीत सांगतात तेव्हा ‘मी’च्या पुढे ‘शॅल’च येतो. पुस्तकाच्या नियमानं तो फक्त भविष्यकाळ झाला. पण ते ऐकून कुणाला पंचांगातलं भविष्य आठवलं असेल, असं मला वाटत नाही. मराठीत आपण ‘मिळवणारच’ म्हणतो. व्याकरणकार काहीही म्हणोत, त्या शेवटच्या ‘च’चं वजन ‘शॅल’मध्ये आहेच.

हे वजन येतं शब्दाच्या मुळातून. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता ‘देणं असणं’, म्हणजे कर्ज अंगावर असणं. जर्मन भाषेत कर्जाला आणि अपराधालाही ‘शुल्ड’ म्हणतात, तो याच घराण्यातला. आपल्याला हे समजायला कोश उघडायची गरज नाही. ‘मी तुझे शंभर रुपये लागतो’ आणि ‘मला जावं लागतं’, दोन्हीकडे ‘लागणे’च आहे. जे देणं लागतो, ते करावं लागतं.

रोजच्या बोलण्यातून ‘शॅल’ आता बराचसा गेला आहे. ‘निघायचं का?’ असं विचारताना तेवढा उरला आहे. मात्र कायद्याच्या पुस्तकात तो ठाण मांडून बसला आहे. तिथं ‘शॅल’ म्हणजे केलंच पाहिजे आणि ‘मे’ म्हणजे करता येईल. इच्छा असेल तर, सवड असेल तर. अर्थात कोर्टात इतकं सोपं नसतं. सरकारी नोकरावर कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा, असं राज्यघटनेचं ३२०वं कलम सांगतं, आणि तिथं ‘शॅल’ आहे. तरीही १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की सल्ला घेतला नाही एवढ्यावरून कारवाई रद्द होत नाही. अशा गोंधळाला कंटाळून दक्षिण आफ्रिकेनं १९९६ची राज्यघटना लिहिताना ‘शॅल’ बाजूला ठेवला आणि साधा ‘मस्ट’ घेतला. माझ्या मते ते शहाणपणाचं झालं. पण आपल्याकडे ‘शॅल’ आहे, तेव्हा तो वाचता आला पाहिजे.

वाचायचा कसा, याचा सगळ्यांत चांगला धडा मुलांच्या शाळेचा आहे. सक्तीच्या शिक्षणाची मागणी जुनी. महात्मा फुल्यांनी ती १८८२ साली हंटर आयोगापुढे केली. गोखल्यांनी १९११ साली विधेयक आणलं, तेही सबुरीचं. स्थानिक संस्थांना वाटलं तर त्यांनी आपल्या हद्दीत सक्ती करावी, एवढंच. म्हणजे भाव ‘मे’चा. तेवढंही सरकारला सोसलं नाही.

मग राज्यघटना आली. तिच्या मसुद्यात ‘प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे’ अशा अर्थाचे शब्द होते. नोव्हेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ते गळले. कारण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत होतं आणि तिथं हक्काची भाषा बसत नव्हती. चौदा वर्षांची मर्यादा मात्र बाबासाहेब आंबेडकरांनी सोडली नाही. चौदाच्या आतल्या मुलाला कारखान्यात धाडायला घटना मनाई करते. मग ते मूल जाणार कुठं? शाळेतच गेलं पाहिजे, असं त्यांचं सरळ म्हणणं.

अखेर कलम ४५ झालं. त्यात ‘शॅल’ होता, पण त्याला लागूनच ‘एन्डेव्हर’ होता. राज्य शिक्षण देईल असं नव्हे, तर देण्याचा प्रयत्न करील, तोही दहा वर्षांत. शिवाय ही तत्त्वं कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, असं कलम ३७मध्ये आधीच लिहिलेलं, तिथंही ‘शॅल’च. १९६० साल आलं आणि गेलं. प्रयत्न चालू होता, असं कोणीही म्हणू शकत होतं. ‘प्रयत्न करतो’ म्हणणाऱ्या उधारखोराला तुम्ही-आम्ही ओळखतोच.

१९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीनं कलम २१-क आलं. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना राज्य मोफत आणि सक्तीचं शिक्षण देईल, असं ते सांगतं. ‘शॅल’ राहिला, ‘एन्डेव्हर’ गेला. मराठी भाषांतरात दोन्ही वाक्यं भविष्यकाळीच वाटतात, ‘प्रयत्न करील’ आणि ‘देईल’. पण दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवून आई-बापाला कोर्टाची पायरी चढता येते. त्यासाठी कायदा व्हायला २००९ उजाडलं आणि तो लागू व्हायला १ एप्रिल २०१०.

या कायद्याच्या कलम १२मध्ये खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत. इथंही ‘शॅल’. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनानं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. मूळ कायदा ‘द्याव्याच लागतील’ म्हणत असताना त्याच्या पोटातल्या नियमाला ‘नाही दिल्या तरी चालेल’ म्हणता येत नाही.

आता सहा वर्षांच्या आतल्या मुलांचं. २००२च्या त्याच दुरुस्तीनं कलम ४५ नव्यानं लिहिलं आणि २१-क मधून गेलेला ‘एन्डेव्हर’ इथं या चिमुरड्यांसाठी राहिला. २००९च्या कायद्याचं कलम ११ तीन वर्षांवरच्या मुलांच्या मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाबद्दल बोलतं. सरकारनं तशी व्यवस्था करायची आहे. त्या वाक्यात क्रियापदाच्या आधी आहे तो ‘मे’.