सिंहमाशाचा बंदोबस्त

कॅरिबियन समुद्रातील प्रवाळखडकांवर एक विलक्षण लढाई चालू आहे. तिच्यातील शत्रू म्हणजे फार तर हातभर लांबीचा, दिसावयास मोठा देखणा असा एक मासा आहे. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे आणि आयाळीसारखे पिंजारलेले पर, यांवरून त्याला लायनफिश, म्हणजे सिंहमासा, हे नाव पडले. त्याचे मूळ घर हिंदी महासागर व पश्चिम प्रशांत महासागर होय. तेथे त्याच्याविषयी कोणाची तक्रार नाही. अटलांटिकमध्ये मात्र त्याने धुमाकूळ घातला आहे.

अमेरिकेतील हौशी लोक हा मासा काचेच्या टाक्यांत पाळीत आले आहेत. तो डोईजड झाला म्हणजे कोणी तरी त्याला समुद्रात सोडून दिले असावे, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. १९८५ साली फ्लॉरिडाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ तो प्रथम आढळला. २००४ साली तो बहामा बेटांत, २००७ साली क्यूबात आणि २००९ साली बोनेअर बेटाशी जाऊन पोचला. २०१४ साली तो ब्राझीलच्या किनाऱ्यावरही दिसला. ओसरीवर आलेल्या पाहुण्याने सारे घर व्यापावे, तसा हा प्रकार झाला.

याची कारणे उघड आहेत. एक मादी वर्षाकाठी सुमारे वीस लक्ष अंडी घालते आणि समुद्राचे प्रवाह ती दूरवर वाहून नेतात. माशाच्या अंगावर अठरा विषारी काटे असल्यामुळे मोठे मासे सहसा त्याच्या वाटेस जात नाहीत. उलट, तेथील लहान मासे या नवख्या शिकाऱ्याला ओळखीत नाहीत, म्हणून पळतही नाहीत. बहामातील एका प्रयोगाचा वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध झाला. लहानशा खडकावर एकच सिंहमासा ठेवला असता, पाच आठवड्यांत तेथे स्थानिक माशांच्या नव्या पिलांची पडणारी भर सरासरी ७९ टक्क्यांनी घटली!

या भक्ष्यात खडकावरील शेवाळ खाणाऱ्या पोपटमाशांची पिले असतात. ती गेली म्हणजे शेवाळ माजून प्रवाळ गुदमरतो. आपल्याकडील गोबरा व तांबोशी यांचे तेथील भाईबंदही लहानपणीच बळी पडतात, आणि कोळ्याच्या पोटावर पाय येतो.

मग बंदोबस्त कसा करावयाचा? गळाला हा मासा क्वचितच लागतो, आणि जाळे ओढावे तर प्रवाळच मोडतो. म्हणून पाणबुडे आखूड भाला घेऊन एकेक मासा टिपतात. बोनेअरमध्ये भाल्याने मासे मारण्यास बंदी होती, परंतु या माशापुरती तेथे खास सवलत देण्यात आली. फ्लॉरिडा व बहामा येथे शिकारीच्या स्पर्धा भरू लागल्या. विष काट्यांत असते, मांसात नसते, हे कळल्यावर खाणावळींतून त्याला मागणी येऊ लागली. बेलीझमधील स्त्रिया तर त्याच्या परांचे दागिने घडवितात.

तथापि या उपायांना मर्यादा आहेत. हौशी पाणबुडे साधारणपणे १३० फुटांपर्यंत उतरतात. सिंहमासा हजार फूट खोलीवरही राहतो. त्या खोलीसाठी सापळ्यांचे प्रयोग झाले आहेत. शिवाय एकेक मासा टिपण्यास श्रम व खर्च फार, त्यामुळे बाजारास नियमित पुरवठा करणे अवघड जाते.

तेव्हा त्याचा समूळ नायनाट होणे आता शक्य दिसत नाही. परंतु म्हणून भाला टाकून बसावयाचे काय? बहामातील २४ खडकांवरील संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले, त्याने या प्रश्नाचे उत्तर दिले. सिंहमाशांची संख्या जेथे एका ठराविक मर्यादेखाली राखली, तेथे त्याच्या भक्ष्यस्थानी पडणाऱ्या स्थानिक माशांचे एकूण वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढले. याचा अर्थ, शेवटचा मासा मारल्यावाचूनही खडक सावरू शकतो.

शेतातील हरळी एका खुरपणीने कायमची जात नाही. तरीही शेतकरी दर हंगामात खुरपे हाती घेतो, म्हणूनच पीक येते. कॅरिबियन बेटांतील कोळी व पाणबुडे यांना हीच चिकाटी धरावी लागणार आहे. टाकीतील मासा समुद्रात सोडण्यास एक क्षण पुरला असेल. त्याची भरपाई मात्र त्यांना वर्षानुवर्षे, एकेका माशामागे पाण्यात उतरून करावी लागत आहे.