शेवटच्या उपचारांविषयी वेळेवर बोलणे

बरे होण्याची आशा उरली नाही, तर कोणते उपचार घ्यायचे आणि कोणते थांबवायचे, हे ठरवण्याचा पहिला हक्क रुग्णाचा असतो. बीड जिल्ह्यात मात्र हा निर्णय बहुधा अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, भावाभावांच्या वादात होतो. थोरला पुण्याहून फोनवर, धाकटा ऊसतोडीच्या फडावर आणि आई व्हेंटिलेटरवर. तिला विचारायची वेळ तोवर टळलेली असते.

म्हणून हे बोलणे माणूस शुद्धीवर, बोलता-चालता असतानाच झाले पाहिजे. घशात नळी गेली की बोलणे संपते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यांची वाचा गेली. पुढे त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली. त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांनी विरोध केला आणि २०११ मध्ये न्यायालयाने ती मागणी नाकारली. अरुणा यांना स्वतःला काय हवे होते, हे मात्र २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत कोणालाच विचारता आले नाही.

सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालणारी घरे या बोलण्याला मात्र ‘अभद्र’ म्हणतात. ‘दादांना सांगू नका, धसका घेतील’ असे डॉक्टरांना बजावतात. हे प्रेमापोटी होते, पण अन्याय दादांवरच होतो. दादांना बहुतेक वेळा सगळे उमगलेले असते; ते एकटेच ते ओझे वाहतात. त्यांना विचारावे, आजच विचारावे.

डॉक्टरांनाही स्पष्ट विचारावे: या उपचाराने रुग्ण बरा होईल, की फक्त दिवस वाढतील? घरी ठेवता येईल का? यंत्र नाकारले तरी वेदनाशामक औषध आणि शुश्रूषा चालूच राहते.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय आधीच लिहून ठेवण्याला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. सज्ञान व्यक्तीने ते दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावे आणि आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्यांची नावे त्यात घालावीत. ते केव्हाही बदलता येते. रुग्णाला स्वतः निर्णय सांगता येत नसेल तेव्हाच ते लागू होते, आणि उपचार थांबवण्याआधी दोन वैद्यकीय मंडळांची सहमती लागते. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी. घरची प्रत कुलपात ठेवू नये.