इंटरनेटवरचा फोन आणि साधा फोन
(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



इंदूरहून पुण्याला बोलायचं तर रात्री दर उतरेपर्यंत थांबून एसटीडी बूथवर रांग लावायची, ते दिवस आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आता मुलं अमेरिकेत असली तरी व्हॉट्सॲपवर तासभर बोलता येतं. सवय इतकी झाली आहे की शेजारच्या गल्लीतही आपण व्हॉट्सॲपवरूनच फोन करतो. त्याबद्दलच आम्हाला थोडं सांगायचं आहे.

अशा कॉलमध्ये आवाजाचे बारीक तुकडे होतात आणि पोस्टाच्या पाकिटांसारखे पत्ता घालून रवाना होतात. पाकीट उशिरा पोचलं की आवाज तुटतो. ४जीवरचा साधा कॉल, म्हणजे व्होल्टी, हाही पाकिटांतूनच जातो. पण कंपनी त्या पाकिटांना आधी वाट देते. व्हॉट्सॲपची पाकिटं मात्र लोकांच्या रील्सच्या गर्दीतून वाट काढतात.

घरच्या आरतीला मुलं व्हिडिओ कॉलवर येतात तेव्हा त्यांच्या टाळ्या मागे पडतात, त्याचं कारणही अंतर आणि ही पाकिटं. तिकडच्यांना माइक बंद ठेवायला सांगा. झांज ऐकू येत नाही ही तक्रारही नेहमीची. ॲप तिला गोंगाट समजून दाबतं, बिचाऱ्याला आरती काय कळणार!

राजवाड्याजवळच्या जुन्या घरांत जाड भिंतींमुळे रेंज येत नाही, पण ब्रॉडबँड असतं. तिथे फोनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करावं. हँडसेट आणि कंपनी दोन्हींत सोय असेल तर आपल्याच नंबरावरून साधा कॉल लागतो, समोरच्याकडे ॲप नसलं तरी चालतं.

आता मुख्य गोष्ट. व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही. रात्री एकटं असताना छातीत कळ आली आणि नेमकी लाइट गेली, तर राउटर बंद आणि व्हॉट्सॲपही बंद. अशा वेळी फोनच्या साध्या डायलवरून ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळाला तर तो लागू शकतो. शेजारी आणि डॉक्टर यांचे नंबरही साध्या डायलवरूनच लावायची सवय ठेवा, आणि घरी वाय-फाय आहे म्हणून सिमचं रिचार्ज बंद करू नका.

ज्यांना वाय-फाय कॉलिंग सुरू करून हवं असेल त्यांनी आरतीनंतर मागच्या टेबलाशी यावं. फोन मात्र चार्ज करून आणा.