चांगल्या घरातली सुलभा

कर्जत-खोपोलीहून पहाटेची लोकल गाठणाऱ्या मैत्रिणींनो, आज भेटू सुलभा महाजनला. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९८२ मध्ये 'उंबरठा' चित्रपट काढला; सुलभा झाल्या स्मिता पाटील. नवरा वकील, मारझोड नाही, खाऊनपिऊन सुखी घर. सासूबाई तर स्वतः समाजकार्य करणाऱ्या! तरी सुनेनं परगावी महिला सुधारगृहाची अधीक्षक व्हायचं म्हटलं, की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. छळ दाखवणं सोपं असतं. इथं तक्रार तरी कशाची करायची? तरी सुलभा जाते. मागे लेक राणी जाऊबाईंच्या मायेत रमते, आणि मला वाटतं, सुलभाला तेच जास्त बोचतं. परतते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. रडारड न करता सुलभा पुन्हा घर सोडते.