बारावीचा भूगोल आणि गावाचा नकाशा

(भूगोलाचे शिक्षक व पक्षकार्यकर्ते यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गात भाववाढ, बेकारी, शेतमालाचे भाव, दलितांवरील अत्याचार असे विषय ठेवण्याची रीत आहे. त्या पंक्तीत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची नकाशावाचनाची परीक्षा हा विषय आणून बसवला, याचे काही मित्रांना नवल वाटले असेल. परंतु धरण कुठवर भरायचे, रस्ता कोणाच्या शेतातून न्यायचा, जंगलाची हद्द कुठे आखायची, हे सारे निर्णय आधी नकाशावर होतात आणि मागाहून गावात पोहोचतात. ज्याला नकाशा वाचता येतो तो निर्णय होत असतानाच हरकत घेऊ शकतो. ज्याला येत नाही त्याच्या हाती फक्त नोटीस पडते. बारावीचा विद्यार्थी मतदार होण्याच्या उंबरठ्यावर उभा असतो. आपल्या मुलखाचा नकाशा त्याला वाचता येतो की नाही हे तपासण्याची शाळेच्या हातची ती शेवटची संधी आहे. ती संधी आपण कशी घालवतो आणि ती कशी साधता येईल, एवढेच मला आज मांडायचे आहे.

प्रथम आजची स्थिती पाहू. दहावीनंतर भूगोल हा विषय ऐच्छिक होतो. म्हणजे पुढे अभियंता, वकील, तलाठी किंवा आमदार होणाऱ्या बहुसंख्य मुलांचा भूगोलाशी संबंध पंधराव्या-सोळाव्या वर्षीच संपतो. जे हा विषय घेतात त्यांच्यासाठी राज्य मंडळाने लेखी परीक्षेला ८० आणि प्रात्यक्षिकाला २० गुण ठेवले आहेत. लेखी परीक्षेत जगाच्या आराखड्यावर काही स्थळे भरायची असतात. ती पाठ करून भरता येतात. प्रात्यक्षिकाच्या गुणांचे काय होते, हे येथे जमलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको. प्रात्यक्षिक वही सुबक आहे ना, रंग नीट भरले आहेत ना, तोंडी परीक्षेत दोन सांकेतिक खुणा ओळखल्या ना, की गुण पडले. त्या वहीतला समोच्च रेषांचा नकाशा बहुधा कुठल्याच गावचा नसतो. तो पुस्तकातल्या काल्पनिक टेकडीचा असतो, आणि वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच टेकडी उगवलेली असते.

आपली व्यवस्था या विषयाला किती मोजते, याचे एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा राहिला होता. तो रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून मुलांना भूगोलाचे गुण दिले गेले. त्या आणीबाणीच्या प्रसंगी दुसरा मार्ग कठीण होता हे मी मान्य करतो. परंतु त्यावर महाराष्ट्रात कुणाला फारसे दुःख झाले नाही. भूगोल येतो की नाही हे भाषा आणि गणित यांवरून कळते, असे समजून सगळे गप्प राहिले.

याची कारणे केवळ शिक्षणखात्यात शोधून चालणार नाहीत. नकाशा हा आपल्याकडे प्रथमपासून राज्यकर्त्यांचा ऐवज राहिला आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीतली. १८०२ साली मद्रासकडून महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू झाले ते या देशाच्या मोजमापासाठी. त्यामागे शास्त्राची जिज्ञासा होती तशी सारावसुलीची आणि फौजेच्या हालचालींची गरजही होती. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण नकाशाविषयीचा संशय तसाच राहिला. सीमेलगतच्या व किनाऱ्यालगतच्या मोठ्या पट्ट्यांचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सैन्यासाठी वेगळी आणि जनतेसाठी वेगळी मालिका केली, २०१७ मध्ये जनतेच्या मालिकेतील नकाशे संगणकावर विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. दार उघडले, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या दारातून आत जाण्याची तयारी शाळेने मुलांकडून करून घेतलेली नाही. शिवाय या नकाशांवरची गावांची नावे बहुधा रोमन लिपीत असतात. मराठी माध्यमातल्या मुलाला आपलेच गाव परक्या अक्षरांत शोधावे लागते.

खेड्यात सातबारा वाचणारा माणूस घरटी सापडेल, कारण त्याच्याशी त्याचे पोट बांधलेले आहे. गावनकाशा वाचणारे मात्र तलाठी, भूकरमापक आणि जमिनीचे दलाल. हे तिघे एका बाजूला बसले की दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्याचे काय होते, ते आपण अनेक मोर्चांच्या आधी आणि नंतर पाहिलेले आहे.

आता तीन उदाहरणे घेऊ. पहिले सरदार सरोवराचे. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये या धरणाची पूर्ण जलपातळी ४५५ फूट ठरवली. म्हणजे १३८.६८ मीटर. महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांचे भवितव्य या एका आकड्यात होते. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशात समोच्च रेषांमध्ये साधारणतः २० मीटरचे अंतर असते. त्यामुळे १४० मीटरची रेषा शोधून तिच्यावरून पेन्सिल फिरवली, की बुडिताचा ढोबळ आकार कागदावर उमटतो. हे काम बारावीच्या मुलाला अर्ध्या तासात यायला हवे. प्रत्यक्षात तो आकार सरकारी कचेऱ्यांत होता, आणि डोंगरातल्या माणसांना तो संघर्ष करत, तुकड्यातुकड्याने कळला.

दुसरे उदाहरण पुराचे. नदीकाठच्या शहरांत जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्यात बुडाली तेव्हा या रेषांची चर्चा चौकाचौकांत झाली. पण घर घेताना किंवा भाड्याने खोली शोधताना किती कुटुंबांनी त्या रेषा पाहिल्या होत्या? बांधकाम व्यावसायिकाने मात्र त्या पाहिलेल्या असतात. कुठे कमी भावात जमीन मिळेल हे त्याला त्यांच्यावरूनच कळते.

तिसरे उदाहरण दरडींचे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले. नकाशा वाचता आला असता तर हे मृत्यू टळले असते, असा दावा मी करणार नाही. दरड कोसळण्यास पाऊस, मातीची जाडी, खडकाची झीज, वरच्या उतारावर झालेली उलथापालथ अशी अनेक कारणे लागतात, आणि नकाशा भविष्य सांगत नाही. परंतु तपकिरी रेषा जिथे एकमेकींना बिलगून येतात तिथे उतार उभा आहे, आणि त्या उताराच्या पायथ्याशी लाल ठिपके आहेत म्हणजे तिथे माणसे राहतात, एवढे वाचता येणारी चार मुले गावात असतील तर ग्रामसभेत प्रश्न उठतो. ‘आमची वाडी यादीत का नाही?’ हा प्रश्न पावसाळ्याच्या आधी विचारला जाणे, हेच नकाशावाचनाचे सामाजिक मोल आहे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास आणि व्याकरण यांच्याबरोबर भूगोल व शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी त्यांची मागणी होती. शेतकऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणाने शेतकऱ्याच्या मुलाला व्यवहारात शहाणे करावे, हा त्या निवेदनाचा गाभा. त्या कसोटीला आजचा आपला भूगोल उतरत नाही.

मग परीक्षा कशी असावी? माझी सूचना साधी आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्यासमोर त्याच्याच तालुक्याचा स्थलनिर्देशक नकाशा ठेवावा. पुण्याच्या मुलापुढे ४७ फ/१४ क्रमांकाचा, धडगावच्या मुलापुढे धडगावचा. आणि पाच प्रश्न विचारावेत. पहिला, शाळेच्या आवारात उभे राहून नकाशा जमिनीशी जुळवून धर. कागदावर उत्तर वर असते, हे सगळ्यांना पाठ आहे. अंगणात उत्तर कुठे, हे विचारले की पुष्कळ हात आकाशाकडे जातात. दुसरा, आपल्या गावापासून बाजाराच्या गावापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोज आणि चालत किती वेळ लागेल ते चढउतार पाहून सांग. तिसरा, निळ्या रेषांचे प्रवाह किती आणि काळ्या रेषांचे किती ते मोज. निळा म्हणजे बारमाही, काळा म्हणजे उन्हाळ्यात कोरडा. त्यावरून पिवळ्या रंगातल्या शेतजमिनीला पाणी कुठून मिळू शकेल ते लिही. चौथा, दिलेल्या दोन बिंदूंमधला छेद काढून कोणत्या वस्तीवर डोंगराचा भार आहे ते दाखव. पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नकाशा छापला त्यानंतर गावात काय बदलले? कोणता ओढा बुजला, कुठली गायराने गेली, कोणता रस्ता आला? ते जागेवर पाहून नकाशात दुरुस्त कर.

या पाचव्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही मार्गदर्शिकेत छापता येणार नाही, म्हणून त्यात नक्कल होऊ शकत नाही. आणि सरकारी कागदही तपासून घ्यायचा असतो, हा धडा मुलाला त्याच प्रश्नातून मिळतो.

यावर आक्षेप येतील. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, मग कागदाचे नकाशे कशाला, हा पहिला. मोबाईल मला डावीकडे वळायला सांगतो आणि मी वळतो. ते उपयोगाचे आहे. परंतु पाणी कुठे साचेल, बुडीत कुठवर येईल, हद्द कोणी सरकवली, हे कळायला रेषेचा अर्थ लावता यावा लागतो. तो अर्थ लावायला शिकलेला मुलगा पडद्यावरचा नकाशाही अधिक डोळसपणे पाहील. दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक तालुक्याचा वेगळा नकाशा म्हटला तर मूल्यमापनात समानता कशी राहणार? प्रश्न एकच ठेवावेत, नकाशा वेगळा असावा, आणि अंतर, उंची, उतार यांची पडताळणी शेजारच्या तालुक्यातल्या शिक्षकाने करावी. आजची समानता सर्वांना सारखेच उदार गुण देण्याची आहे. तिचा शोक करण्याचे कारण नाही. तिसरा आक्षेप शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा आणि नकाशांच्या तुटवड्याचा. तो खरा आहे. त्यासाठी मागणी करावी लागेल, आणि मागणी करणे हे आपले काम आहे.

हे सारे अशक्य नाही, याची साक्ष दोन ठिकाणी मिळते. केरळातील कण्णूर जिल्ह्यातल्या कल्ल्याश्शेरी पंचायतीत केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत शास्त्रज्ञांच्या मदतीने जमीन-पाण्याचे नकाशे स्वतः तयार केले. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेला अशा प्रयोगांचा आधार मिळाला. आणि आपल्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एकास पन्नास हजाराच्या नकाशात एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर. म्हणजे ते सारे जंगल ७२ चौरस सेंटिमीटरांत, तळहाताएवढ्या जागेत मावते. ती तळहाताएवढी जागा कोणाची, हे ठरवायला पिढ्या गेल्या. वनहक्काच्या दाव्यांत नकाशा हा पुरावा धरला जातो. कोण तो काढणार, कोण तपासणार, हा प्रश्न आज शेकडो ग्रामसभांपुढे आहे, आणि त्याचे उत्तर गावातल्या शाळेत असायला हवे.

म्हणून शेवटी कामाचे बोलतो. राज्य मंडळाकडे आपण तीन मागण्या कराव्यात. प्रात्यक्षिक परीक्षा स्वतःच्या तालुक्याच्या नकाशावर घ्यावी, नकाशांवरची नावे देवनागरीत छापून द्यावीत, आणि शास्त्र व वाणिज्य शाखांच्या मुलांनाही नकाशावाचनाचा छोटा सक्तीचा घटक असावा. या मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक तालुका शाखेने आपला स्थलनिर्देशक नकाशा आणि निदान एका गावाचा गावनकाशा मिळवावा, दहा-पंधरा मुलामुलींना बरोबर घ्यावे आणि शिवार फेरी काढावी. ओढे, विहिरी, गायराने, उभे उतार नोंदवावेत. तो दुरुस्त नकाशा मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत त्यावर बोलता येईल. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना तो नकाशा स्वतः वाचता येतो, याचीही परीक्षा त्या निमित्ताने होऊन जाईल, आणि तिला वयाची अट नाही.