संस्कार, संथा आणि स्मरण

(श्रीक्षेत्र नीरा-नरसिंहपूर येथे श्रीनृसिंह जयंतीच्या उत्सवात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नीरा आणि भीमा यांच्या संगमावर, श्रीलक्ष्मीनृसिंहाच्या सान्निध्यात बोलण्याची संधी मिळाली, हे मी भाग्य समजतो. येथील वालुकामूर्ती भक्त प्रल्हादाने स्वहस्ते घडविली, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. आजचा विषय स्मरणशक्तीचा आहे, आणि त्याचा आरंभ प्रल्हादापासूनच करणे उचित होईल.

खांबातून प्रकट झालेला नृसिंह सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या आधीचा एक प्रसंग मात्र सहसा सांगितला जात नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद आपल्या दैत्य सवंगड्यांना सांगतो की, हे ज्ञान मी आईच्या उदरात असताना नारदमुनींच्या मुखातून ऐकले. नारद उपदेश करीत होते तो कयाधूला. पुढे तो म्हणतो की, काळ लोटला तशी माझी आई ते विसरून गेली, मी मात्र ऋषींच्या कृपेने विसरलो नाही. एकच पाठ, एकच गुरू आणि दोन श्रोते. एकाजवळ तो टिकला, दुसऱ्याजवळ टिकला नाही. ऐकलेले का टिकते आणि का टिकत नाही, हा प्रश्न आपल्या पुराणकारालाही पडला होता, असे मला यावरून वाटते.

१९८६ साली डीकॅस्पर आणि स्पेन्स या अमेरिकी संशोधकांनी गर्भवती मातांना शेवटचे सहा आठवडे एकच बालकथा रोज मोठ्याने वाचावयास सांगितली. जन्मानंतर बाळांच्या तोंडी चोखणी दिली आणि चोखण्याच्या लयीनुसार त्यांना कोणता आवाज ऐकू यावा याची व्यवस्था केली. तेव्हा बाळांनी आपली लय बदलून पूर्वी ऐकलेलीच कथा पसंत केली. मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या प्रयोगाने गर्भाला तत्त्वज्ञान कळते असे सिद्ध होत नाही. बाळाला ध्वनीची, उच्चाराच्या चढउताराची ओळख राहते, एवढेच सिद्ध होते. "आमच्या पूर्वजांना हे सारे आधीच ठाऊक होते" असे म्हणून टाळ्या मिळविणे फार सोपे असते. मला त्या टाळ्या नकोत. पूर्वजांना जे खरोखर ठाऊक होते ते इतके मोठे आहे की, त्याला उसन्या मोठेपणाची गरज नाही.

न्यायशास्त्रात स्मृतीची व्याख्या अशी केली आहे की, जे ज्ञान केवळ संस्कारातून उत्पन्न होते ती स्मृती. 'संस्कार' हा शब्द आपण शाखेत, शाळेत, घरात रोज वापरतो. त्याचा अर्थ आपण चांगल्या सवयी असा करतो आणि तो चुकीचा नाही. पण शास्त्रकारांच्या दृष्टीने संस्कार म्हणजे अनुभवाने मनावर उमटलेला ठसा. हा ठसा सुप्त असतो. तो जागा करणारे काहीतरी लागते, त्याला ते उद्बोधक म्हणतात. न्यायसूत्रांत स्मरण जागे करणाऱ्या पंचविसांहून अधिक कारणांची यादी आहे. तीत चित्ताची एकाग्रता आहे, अभ्यास आहे, सादृश्य आहे, विरोध आहे, सुख, दुःख आणि भयही आहे. म्हणजे साठवण निराळी आणि आठवण निराळी, हा भेद आपल्याकडे स्पष्टपणे केलेला होता.

आज मेंदूविज्ञानही हा भेद करते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा एक भाग शस्त्रक्रियेने काढला गेला. त्या भागाचे नाव हिप्पोकॅम्पस. झटके कमी झाले, पण नवे काही त्याच्या लक्षात राहीनासे झाले. लहानपण आठवे, पण पाच मिनिटांपूर्वी भेटलेला मनुष्य आठवत नसे. ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवावयास दिली. दिवसेंदिवस त्याचा हात सफाईने चालू लागला, पण आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला प्रत्येक वेळी दाद नसे! २००८ साली त्याचे निधन झाले. त्याच्यामुळे जगाला कळले की, नवी माहिती पक्की करण्याचे काम एका ठिकाणी चालते, जुनी माहिती इतरत्र मुरलेली असते, आणि हाताचे कौशल्य तिसऱ्याच वाटेने शिकले जाते. पक्की करण्याचे काम मोठ्या अंशी झोपेत होते, हेही आता मान्य झाले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला चहा पाजून जागविणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे. ब्राह्ममुहूर्ताचे माहात्म्य मी मानतो, पण ते रात्री वेळेवर झोपणाऱ्यासाठी आहे.

आता विस्मरणाकडे वळू. जर्मनीत हर्मन एबिंगहाउस याने स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करावयाची आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजावयाचे. वीस मिनिटांनी ५८ टक्के बचत, तासाने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. सर्वांत मोठी गळती पहिल्या तासात होते, आणि जे त्यातून तरते ते पुष्कळ काळ टिकते. म्हणून आवृत्ती करावयाची ती गळती होण्याच्या सुमारास, आणि पुढे हळूहळू अंतर वाढवीत.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी शिक्षक होतो. अनेक वर्षे मी मुलांना सांगत आलो की, उत्तर दहा वेळा लिहून आण. मुले दहा वेळा लिहीत. पण कशी? पुस्तक उघडे ठेवून, पहिल्या ओळीचे पहिले शब्द दहांदा उभे लिहून काढीत, मग दुसरे शब्द. हात चाले, डोके बंद असे. एका मुलाला मी वर्गासमोर मठ्ठ म्हटले. पुढे त्याच मुलाला मी एका एकादशीला टाळकऱ्यांच्या रांगेत पाहिले. संपूर्ण हरिपाठ तो न अडखळता म्हणत होता. मग त्या मुलाची स्मृती अधू होती, की माझी पद्धत? हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

त्याचे उत्तर २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात सापडते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोन वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, तर मिटून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचताना 'आले, आले' असे वाटते, ही फसगत आहे. आठवण्याचा यत्न हाच खरा अभ्यास आहे.

आणि आपली संथा म्हणजे दुसरे काय होते? गुरुजींनी एक चरण म्हणावयाचा, शिष्यांनी तो दोनदा म्हणावयाचा, समोर पोथी नाही. दुसऱ्या दिवशी नवी संथा घेण्यापूर्वी कालची म्हणून दाखवावयाची. चुकले तर तेथल्या तेथे दुरुस्ती. शिवाय वेदपाठकांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. स्मृती पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखी नसते, ती प्रत्येक वेळी नव्याने घडते आणि घडताना बिघडते. म्हणून त्यांनी तपासणीच पाठात गुंफली. पदांना क्रमांक देऊन पाहा. क्रमपाठात एक-दोन, दोन-तीन, तीन-चार असे म्हणावयाचे. जटापाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. एखादे पद गळले वा स्वर ढळला, तर पुढच्याच फेऱ्यात ते उघडे पडते. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन अशा या आठ विकृती. ऋग्वेदाची १०२८ सूक्ते, सुमारे साडेदहा हजार मंत्र, लेखणीविना आपल्यापर्यंत आले ते या व्यवस्थेमुळे. युनेस्कोने २००३ साली या परंपरेचा गौरव केला. ही विद्या आजही जिवंत आहे. २०२५ साली आपल्या अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या वेदमूर्तींनी काशीत शुक्ल यजुर्वेदाचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पूर्ण केले.

अशा पाठकांच्या मेंदूत काही फरक आढळतो काय? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २१ यजुर्वेदी पंडितांचे मेंदू २१ सामान्य व्यक्तींच्या मेंदूंशी ताडून पाहण्यात आले. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. पंडितांच्या मेंदूतील भाषा आणि स्मृतीशी निगडित अनेक भागांत करडे द्रव्य लक्षणीय अधिक आढळले. आनंदाची गोष्ट आहे. पण हा एकच, लहान अभ्यास आहे, आणि पाठांतराने मेंदू तसा झाला की तसा मेंदू असणारेच या मार्गात टिकले, याचा निर्णय त्यातून होत नाही. भ्रमणध्वनीवर फिरणारे 'संस्कृत बोला, बुद्धी वाढवा' असे संदेश पुढे पाठविण्यापूर्वी एवढे लक्षात असू द्यावे.

आणखी एक अप्रिय गोष्ट बोलतो. ही थोर व्यवस्था आपण कितीजणांना खुली ठेवली? शतकानुशतके समाजाचा फार मोठा भाग आणि सर्व स्त्रिया तिच्याबाहेर राहिल्या. स्मृती मात्र त्यांच्याजवळही होती. तुमच्या आज्या-पणज्या जात्यावर बसून ओव्या गात. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातील आणि इतरत्रच्या खेड्यांत फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवल्या आहेत. एरवी "ओवी सांगा" म्हटले तर म्हातारी म्हणते, "आठवत नाही बाबा." तिला जात्याशी बसवा, खुंट्याला हात लागू द्या, की एकीतून दुसरी ओवी निघू लागते. खुंटा, दळणाची घरघर, शेजारी बसलेली जाऊ, ही सारी त्या शास्त्रकारांची उद्बोधके आहेत. जाते गेले आणि आठवणीचे दारच बंद झाले. आपण पिठाची गिरणी आणली हे योग्यच केले, बाईचे कष्ट वाचले. पण ओव्या आपण उतरवून घेतल्या नाहीत.

कागदाविना स्मृती काय करू शकते याचे अलीकडचे उदाहरण स्वातंत्र्यवीर सावरकरांचे आहे. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे ते अंदमानात होते. लेखणी नाही, कागद नाही. काट्याने, खिळ्याने कोठडीच्या भिंतीवर कविता कोरावयाची, पाठ करावयाची. भिंतीला चुना लागला की अक्षरे गेली, कविता उरली. 'कमला' हे काव्य असे मनात वाहून आणले गेले. हे केवळ दैवी देणगीचे फळ समजू नका. छंदाची चौकट, रोजची उजळणी आणि पुसल्यानंतर आठवण्याची सक्ती, या तीन गोष्टी त्यामागे आहेत आणि त्या तुमच्या मुलालाही साध्य आहेत.

छंदाच्या चौकटीविषयी थोडे सांगतो. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी दाखवून दिले की, माणसाच्या तात्कालिक स्मृतीत एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात. पण सात अक्षरे, सात शब्द की सात ओळी, हे तुम्ही त्यांच्या गाठी कशा बांधता त्यावर ठरते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे आपले पाढे अशाच बांधलेल्या गाठी होत्या. बाजारात साडेतीन किलोचा भाव आजोबा क्षणात सांगत, कारण औटकी जिभेवर असे.

मात्र अर्थावाचून पाठांतर म्हणजे ओझे, हेही तितकेच खरे. संघाची प्रार्थना संस्कृतात आहे. संस्कृताचा गंध नसलेल्या लाखो स्वयंसेवकांना ती मुखोद्गत आहे, कारण ती रोज, ठरल्या वेळी, ध्वजासमोर उभे राहून म्हटली जाते. स्मरणाचे सारे नियम तेथे आपोआप पाळले जातात. परंतु आपल्यातील कितीजण तिच्या प्रत्येक पदाचा अर्थ सांगू शकतील? मी एकदा एका शिबिरात विचारले होते. उत्तरादाखल जी शांतता पसरली, ती माझ्या चांगली स्मरणात आहे.

तेव्हा पालकांनो, दहावीचा निकाल लागेल तेव्हा लागेल. त्या आकड्यावरून मुलाला मठ्ठ ठरवू नका, ती चूक माझ्या हातून झालेली आहे. धाकट्या मुलांसाठी एवढेच करा. रात्री जेवणानंतर दूरदर्शन संच बंद करून दहा मिनिटे विचारा, "आज काय शिकलास? पुस्तक न पाहता सांग." तो अडखळेल. लगेच सांगू नका, त्याला आठवू द्या. चार दिवसांनी तेच पुन्हा विचारा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी सुटीतले काम. आपली आजी, शेजारची आजी, मळ्यातली काकी, ज्यांना ओव्या येतात त्यांच्याजवळ बसा. घरात जाते असेल तर माळ्यावरून खाली काढा. ऐकलेली ओवी तेथे लिहू नका. घरी येऊन आठवून लिहा आणि दुसऱ्या दिवशी आजीला म्हणून दाखवा, ती चूक काढील. ओवी कोणी सांगितली त्या बाईचे नाव वर लिहा. पुढच्या जयंतीला त्या वह्या घेऊन येथेच या, मी पाहीन. आरतीची वेळ झाली आहे, म्हणून थांबतो.