दोघं-तिघं आणि मधे तो



आज मी गंगाखेडहून बोलतोय. हे संत जनाबाईंचं जन्मगाव. त्या पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळायला बसल्या की विठ्ठल जात्याला हात लावायचा, ही कथा इथं लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळे देव माणसाच्या इतक्या जवळ येतो, हे इथं समजावून सांगावं लागत नाही.

आपल्यालाही येशूनं तसाच शब्द दिलाय. मत्तय अध्याय १८, वचन २०. त्याच्या नावानं दोघं-तिघं जमले, तरी तो त्यांच्यामध्ये असतो. यहुदी परंपरेत सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. येशू दोघा-तिघांवर येतो! मोठं चर्च नाही, गिटार-ड्रम नाही, एका खोलीत सतरंजी टाकून पाच जण बसलेत, तरी ती पूर्ण उपासना आहे. मराठवाड्यातल्या छोट्या मंडळ्यांना या वचनाचा केवढा आधार वाटतो!

पण मोबाईलवर अख्खा अध्याय उघडून बघा. हे वचन आलंय कुठं? भांडणाच्या विषयात! भावानं तुझा अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याच्याशी बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने. मग मंडळीला सांग. त्याच ओघात हे दोघं-तिघं येतात. आणि लगेच पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? येशूचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. तो हिशोबच मोडून टाकतो.

म्हणजे हे वचन फक्त कमी संख्येचं समाधान नाही. एकमेकांशी जुळवून घेताना अवघड जातं, तिथंच मधे उभं राहायचं येशूनं कबूल केलंय.

आता मला सांगा, लाईव्ह उपासना बघताना स्क्रीन कधी तुमच्यावर रुसते का? नाही ना! म्हणूनच ते सोपं वाटतं. आजारी माणसाला, नोकरीसाठी लांब गेलेल्याला ती मोठी सोय आहे, आणि प्रभू त्यालाही सोडत नाही. पण समोरच्याचं तोंड बघायला नको म्हणून मी घरी बसत असेन, तर तो माझा प्रश्न इंटरनेटनं सुटणार नाही.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही एकत्र बोलावलं. ख्रिस्ताभोवती जमायचं तर आपली माणसं निवडून जमता येत नाही, हे त्यातून मला कळतं.

छोट्या मंडळीत चार-पाच घरं असतात. त्यातली दोन बोलेनाशी झाली, की गाणी तीच राहतात, पण प्रार्थनेला 'आमेन' म्हणताना आवाज निघत नाही.

तर या आठवड्याचं काम एकच. रविवारच्या आधी एक फोन करा. कुणाला, ते तुम्हाला माहीत आहे. मेसेज नको, फोनच. मग दोघं मिळून उपासनेला या. तिसरा तिथं असेलच.

भेटू पुढच्या भागात. सलाम!